उंची, अंतर आणि मधला कोन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

त्रिकोणमितीच्या उपयोजनावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. काही परीक्षेच्या तयारीतले आहेत, काही प्रत्यक्ष मोजणी करणाऱ्यांचे. सर्व कोन अंशांत आहेत. √३ ची किंमत १.७३२ धरली आहे. वेगळी धरली असेल तिथे तसे सांगितले आहे.

प्रश्न : उन्नत कोनाची उदाहरणे मला जमतात, पण अवनत कोन आला की उत्तर चुकते. ६० मीटर उंच कड्यावरून नाव दिसते, अवनत कोन ३० आहे, तर नाव कड्याच्या पायथ्यापासून किती दूर? माझे उत्तर ३४.६ मीटर आले. बरोबर उत्तर १०३.९ आहे म्हणतात. सूत्र तर मी नीटच वापरले होते. (एक विद्यार्थिनी)

उत्तर : सूत्र नीटच आहे, कोन चुकीच्या जागी बसला आहे. तू कड्याच्या माथ्याशी, कड्याची उभी रेषा आणि दृष्टिरेषा यांच्यामध्ये ३० लिहिलेस. अवनत कोन उभ्या रेषेपासून मोजत नाहीत. डोळ्यातून जाणाऱ्या क्षितिजसमांतर रेषेपासून नजर जेवढी खाली झुकते, तेवढा तो कोन; जेवढी वर जाते, तेवढा उन्नत कोन. अडचण अशी, की ही रेषा उदाहरणातल्या कुठल्याच वस्तूची नसते. कडा दिसतो, पाणी दिसते, नाव दिसते. ती रेषा मात्र दिसत नाही, म्हणून आकृतीतून राहून जाते. आकृती काढताना सर्वांत आधी माथ्यापासून नावेच्या बाजूला एक तुटक आडवी रेषा काढ आणि ३० तिच्याखाली लिही.

आता ही तुटक रेषा आणि पाण्याची पातळी समांतर आहेत, दृष्टिरेषा त्यांची छेदिका आहे. व्युत्क्रम कोन समान असतात, म्हणून नावेपाशी, त्रिकोणाच्या आत, कोन ३०च झाला. टॅन म्हणजे कोनासमोरची उंची भागिले आडवे अंतर. टॅन ३० = ६० ÷ क्ष, म्हणजे क्ष = ६०√३ = १०३.९ मीटर.

तुझे ३४.६ चुकले आहे हे आकृती पुन्हा न पाहताही कळले असते. जमिनीपाशी कोन ४५ असेल तर उंची आणि आडवे अंतर सारखे. कोन ४५ पेक्षा लहान असेल तर अंतर उंचीपेक्षा जास्तच असणार, मोठा असेल तर कमीच. कोन ३० आणि उंची ६० असताना अंतर ६० पेक्षा कमी येऊच शकत नाही. उत्तराखाली रेघ मारण्याआधी हा पडताळा घेण्याची सवय लाव. पाच सेकंद लागतात आणि कोनाची अदलाबदल हमखास सापडते.

प्रश्न : साइन वापरायचा की टॅन, हे कसे ठरवायचे?

उत्तर : तिरपी लांबी दिली आहे का किंवा विचारली आहे का, एवढेच पाहा. शिडी, ताणलेला दोर, पतंगाचा मांजा, घसरगुंडी, मोडून जमिनीला टेकलेले झाड हे सगळे कर्ण आहेत. तिथे साइन (उंची ÷ कर्ण) किंवा कोसाइन (आडवे अंतर ÷ कर्ण). फक्त उंची आणि जमिनीवरचे अंतर असेल तर टॅन. मोडलेल्या झाडाच्या उदाहरणात दोन्ही लागतात. झाड मोडून शेंडा बुंध्यापासून ८ मीटरवर टेकला आणि तिथे जमिनीशी ३० चा कोन झाला, तर उभा राहिलेला भाग ८ × टॅन ३० = ४.६२ मीटर, कललेला भाग ८ ÷ कोसाइन ३० = ९.२४ मीटर. मूळ उंची दोन्हींची बेरीज, १३.८६ मीटर. पुष्कळ मुले पहिला भाग काढून तिथेच थांबतात.

प्रश्न : मनोऱ्याच्या पायथ्यापर्यंत जाता येत नाही. एका जागेवरून उन्नत कोन ३०, मनोऱ्याच्या दिशेने ४० मीटर पुढे गेल्यावर ६०. दोन समीकरणे, दोन अज्ञात पदे असे लांबलचक न करता हे सुटेल का? आणि ही पद्धत खरोखर वापरतात की फक्त उदाहरणापुरती आहे?

उत्तर : एकाच अज्ञात पदात सुटते. उंची क्ष माना. टॅनऐवजी त्याचा व्यस्त, म्हणजे कॉट वापरा. पहिल्या जागेपासून पायथा क्ष × कॉट ३० एवढा दूर, दुसऱ्या जागेपासून क्ष × कॉट ६०. या दोन अंतरांतला फरक आपण पावलांनी चाललोच आहोत, ४० मीटर. म्हणून

क्ष × (१.७३२ − ०.५७७) = ४०, आणि क्ष = ४० ÷ १.१५५ = ३४.६ मीटर.

कोन कोणतेही असोत, रीत हीच : चाललेले अंतर भागिले दोन कॉटमधला फरक. कॅल्क्युलेटरवर कॉटचे बटण नसते, तेव्हा १ भागिले टॅन करायचे.

३० आणि ६० या जोडीला आणखी जवळची वाट आहे. दोन्ही जागा आणि मनोऱ्याचा माथा यांचा त्रिकोण पाहा. ६० हा त्याचा बाह्यकोन आहे, त्यामुळे माथ्यापाशी ६० − ३० = ३० उरतात. त्रिकोण समद्विभुज झाला, आणि दुसऱ्या जागेपासून माथ्यापर्यंतची तिरपी लांबी ४० मीटरच निघाली. उंची = ४० × साइन ६० = ३४.६. दुसरा कोन पहिल्याच्या बरोबर दुप्पट असला की ही युक्ती चालते. २५ आणि ५० लाही.

प्रत्यक्षातही ही पद्धत वापरतात, आणि ती चांगली आहे. मात्र दोन जागा एकमेकींपासून पुरेशा लांब हव्यात. समजा पहिला कोन २०, फक्त १० मीटर पुढे गेल्यावर २२. कॉटमधला फरक ०.२७२ येतो आणि उंची ३६.७ मीटर. आता दुसरा कोन वाचताना अर्ध्या अंशाची चूक झाली, २२ ऐवजी २२.५ वाचला. फरक ०.३३३ होतो आणि उंची एकदम ३० मीटरवर येते. अर्ध्या अंशाने जवळजवळ सात मीटर गेले. तीच अर्ध्या अंशाची चूक ३० आणि ६० च्या मोजणीत झाली, ६० चे ६०.५ झाले, तर उंची ३४.६ ऐवजी ३४.३ येते. छेदात दोन जवळजवळच्या संख्यांची वजाबाकी असली की लहानशी चूक अशी फुगते. म्हणून दुसरा कोन पहिल्याच्या दीडपट-दुप्पट होईल इतके चालावे. पुढे अडथळा असेल तर मागे जावे.

दोन्ही जागा आणि मनोऱ्याचा मध्य एका सरळ रेषेत हवेत. पहिल्या जागी काठी रोवा आणि तिच्याकडे तोंड करून मागे मागे जा; काठी सतत मनोऱ्याच्या मध्यावर दिसत राहिली पाहिजे. जमिनीची पातळीही सारखी हवी. ३० आणि ६० च्या उदाहरणात दुसरी जागा पहिलीपेक्षा १ मीटर उंच असेल आणि ते लक्षात घेतले नाही, तर उत्तर सुमारे अर्ध्या मीटरने जास्त येते.

प्रश्न : छेदात √३ − १ आले की शिक्षक परिमेयीकरण, म्हणजे छेदातले वर्गमूळ घालवणे, करायला लावतात. थेट १.७३ घालून भागले तर बिघडते कुठे?

उत्तर : अचूकता जाते, तीही फुकट. १०० ÷ (√३ − १) घ्या. १.७३ थेट घातले तर १०० ÷ ०.७३ = १३६.९९. परिमेयीकरण केले तर ५० × (√३ + १) = ५० × २.७३ = १३६.५०. खरी किंमत १३६.६० आहे. किंमत दोन्हीकडे तीच, १.७३, पण पहिल्या रीतीत चूक चौपट झाली. √३ शेवटच्या पायरीपर्यंत तसाच ठेवा, संख्या घालायची ती अगदी शेवटी.

प्रश्न : आम्ही काही हौशी मंडळी मोठ्या झाडांची नोंद ठेवतो. कोनमापक, दोरा आणि वजन घेऊन उंची मोजतो, पण एकाच झाडाची उंची तिघांची तीन वेगळी येते, फरक तीन-चार मीटरचा. आपण योग्य पद्धत सविस्तर सांगावी.

उत्तर : साधन पुरेसे आहे. फरक बहुधा उभे राहण्याच्या जागेमुळे पडतो आहे, म्हणून आधी तेच पाहू.

उंचीतली शेकडा चूक कोनावर अवलंबून असते आणि ४५ पाशी ती सर्वांत कमी असते. २० मीटर उंच झाड घ्या आणि कोन वाचताना १ अंश जास्त वाचला असे माना. ४५ वर चूक ०.७ मीटर होते. झाडाच्या जवळ जाऊन, कोन ७५ होईल तिथून मोजले तर तीच एक अंशाची चूक १.५ मीटर होते. खूप लांबून, २० च्या कोनावर, १.१ मीटर. म्हणून कोन ४० ते ५० च्या आसपास येईल अशी जागा शोधा, म्हणजे ढोबळमानाने झाडाच्या उंचीइतके दूर उभे राहा. तुमच्यापैकी कोणी झाडाच्या बुडाशी उभे राहून मान वर करून मोजत असेल, तर तीन-चार मीटरचा फरक तिथेच सापडेल.

साधन असे असावे. अर्धवर्तुळाकार कोनमापकाची सरळ कड वर ठेवा आणि तिला लागून एक सरळ नळी चिकटवा. कोनमापकाच्या केंद्रबिंदूतून दोरा सोडा, खाली नट किंवा तसलेच छोटे पण जड वजन बांधा. हा झाला ओळंबा. नळी आडवी धरली की दोरा ९० वर यायला हवा. येत नसेल तर नळी वाकडी चिकटली आहे किंवा दोरा केंद्रातून निघत नाही. मोजणीत ही सर्वांत महाग चूक, कारण प्रत्येक वाचनात ती तशीच येत राहते आणि कितीही सरासऱ्या काढल्या तरी जात नाही. नळीतून शेंडा पाहिला की दोरा ज्या आकड्यावर स्थिरावेल तो ९० तून वजा केला की उन्नत कोन मिळतो. दोरा ४३ वर असेल तर कोन ४७. वाचन दुसऱ्याने करावे. नळी डोळ्यापासून काढून स्वतःच वाचायला गेले की दोरा सरकतो. वारा असेल तर दोरा स्थिर होताच तो बोटाने कोनमापकावर दाबून धरावा. पाच वाचने घ्या आणि मधले वाचन धरा.

फोनमधले कोन दाखवणारे ॲप चालेल. ते दशांशापर्यंत आकडा दाखवते म्हणून तेवढे अचूक आहे असे मात्र समजू नका. फोन टेबलावर कडेवर उभा ठेवून वाचन घ्या, मग त्याच कडेवर, त्याच जागी, टोके अदलाबदल करून पुन्हा घ्या. दोन्ही वाचनांचे अंक सारखे आणि चिन्हे विरुद्ध आली पाहिजेत. एकदा +१ आणि उलटवल्यावर −२ आले, तर ॲप अर्ध्या अंशाने चुकते आहे.

सपाट जमिनीवर गणित सरळ आहे. टेप खोडाच्या सालीपर्यंत पोचते, शेंडा मात्र साधारण खोडाच्या मध्यावर असतो. म्हणून अंतरात खोडाची अर्धी जाडी मिळवा. टेप १८ मीटर, खोडाचा व्यास ६० सेंटिमीटर, तर अंतर १८.३. कोन ४७, टॅन ४७ = १.०७२. गुणाकार १९.६. यात जमिनीपासून डोळ्यांपर्यंतची उंची मिळवा, ती १.५ मीटर असेल तर झाड २१.१ मीटर. स्वतःची पूर्ण उंची मिळवू नका, डोळे डोक्याच्या टोकावर नसतात.

उतारावर बरेच जण चुकतात. खोडावर तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर, समजा जमिनीपासून १.५ मीटरवर, एक फीत बांधा. तुम्ही चढावर आणि झाड खाली असेल, तर फितीकडे पाहताना जो अवनत कोन येईल तोच जमिनीचा उतार, कारण दोन्हीकडे उंची १.५ मीटरच आहे. समजा तो ८ आला आणि उताराला धरून टेप २५ मीटर निघाली. आडवे अंतर २५ नाही, २५ × कोसाइन ८ = २४.७६. शेंड्याचा उन्नत कोन ३५ असेल तर डोळ्यांच्या पातळीच्या वर २४.७६ × टॅन ३५ = १७.३४, आणि पातळीपासून खाली फितीपर्यंत २४.७६ × टॅन ८ = ३.४८. बेरीज २०.८२, तिच्यात फितीखालचे १.५ मिळवून २२.३ मीटर. तुम्ही उताराच्या खाली उभे असाल तर फीत डोळ्यांच्या पातळीच्या वर दिसेल. तेव्हा दुसरी संख्या मिळवायची नाही, वजा करायची. खोडाची अर्धी जाडी इथेही आहेच, फक्त गणित स्पष्ट राहावे म्हणून वेगळी दाखवली नाही.

आता झाडाकडून होणारी फसगत. पसरट डेऱ्याच्या झाडाचा खरा शेंडा खालून दिसतच नाही. दिसते ती आपल्या बाजूची फांदी, आणि ती मधल्या शेंड्यापेक्षा आपल्याला जवळ असते. गणितात आपण खोडापर्यंतचे अंतर घालतो, त्यामुळे उंची जास्त येते. उपाय म्हणजे लांब जाणे, कोन ३० पर्यंत उतरला तरी चालेल. इथे ४५ चा आग्रह सोडावा. डेऱ्यामुळे होणारी चूक कोनाच्या चुकीपेक्षा मोठी असते. कललेल्या झाडाचेही तसेच. शेंडा डोळ्यांच्या पातळीपासून २० मीटर वर आहे, आपण २० मीटर दूर आहोत आणि झाड २ मीटर आपल्याकडे कलले आहे, तर मोजमाप २२.२ येईल, २ मीटरहून जास्त. कल आपल्या नजरेला आडवा, डावीकडे किंवा उजवीकडे दिसेल अशा बाजूने मोजले की ही चूक जवळपास नाहीशी होते.

प्रश्न : कॅल्क्युलेटरवर टॅन ३० केले तर उत्तर −६.४ आले. यंत्र बिघडले आहे का?

उत्तर : नाही, ते रेडियनवर, म्हणजे कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककावर लावलेले आहे. ३० रेडियन म्हणजे ३० अंश नव्हेत. अंशांची निवड करा आणि टॅन ४५ करून पाहा. १ आले पाहिजे. ऋण उत्तर आले म्हणून तुम्हाला शंका तरी आली. टॅन ६० रेडियनवर ०.३२ येतो, आणि तो आकडा दिसायला साधासुधा असल्याने तसाच पुढे जातो.

प्रश्न : दीपगृहावरून सरळ किनाऱ्याकडे येणाऱ्या नावेचा अवनत कोन १२ मिनिटांत ३० चा ६० झाला. किनारा गाठायला आणखी किती वेळ? दीपगृहाची उंचीच दिलेली नाही, मग कसे सोडवायचे?

उत्तर : उंची लागत नाही. ती क्ष माना. आधी नाव क्ष√३ अंतरावर होती, आता क्ष ÷ √३ वर आहे. १२ मिनिटांत तोडलेले अंतर २क्ष ÷ √३, उरलेले क्ष ÷ √३, म्हणजे निम्मे. वेग तोच असेल तर वेळही निम्मा, ६ मिनिटे. दोन अंतरांचे गुणोत्तर घेतले की क्ष आपोआप जातो. हाच कोन १२ मिनिटांत ३० चा ४५ झाला असता तर आणखी १६.४ मिनिटे लागली असती. आणि ४५ चा ६० झाला असता तरीही बरोबर तितकीच, १६.४. स्वतः करून पाहा, दोन्ही वेळा गुणोत्तर १ ÷ (√३ − १) हेच येते. अशा उदाहरणांत नावेचा वेग कायम आणि दीपगृह अगदी किनाऱ्यावर, या दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. त्या उत्तरात लिहाव्यात.

प्रश्न : एक निरीक्षक मनोऱ्याच्या दक्षिणेला, त्याचा कोन ४५. दुसरा पूर्वेला, त्याचा कोन ३०. दोघांमधले अंतर १०० मीटर. मी क्ष√३ − क्ष = १०० घेतले, उत्तर १३६.६ आले. चूक कुठे आहे?

उत्तर : तुम्ही दोघांना एका ओळीत उभे केले. पायथ्यापाशी दक्षिण आणि पूर्व या दिशांमध्ये काटकोन आहे, म्हणून जमिनीवर वेगळा त्रिकोण काढायला हवा. त्याच्या बाजू क्ष आणि क्ष√३, कर्ण १०० मीटर. पायथागोरसने कर्णाचा वर्ग क्ष² + ३क्ष² = ४क्ष², म्हणजे कर्ण २क्ष आणि उंची ५० मीटर. उदाहरणात दिशांची नावे आली की दोन आकृत्या काढा : एक उभी, एक वरून पाहिलेली. एकाच आकृतीत सगळे कोंबले की जमिनीवरचा काटकोन कागदावर काटकोन दिसत नाही, आणि तिथेच घात होतो.

प्रश्न : तळ्यापासून ५० मीटर उंचीवरून ढगाचा उन्नत कोन ३० आणि पाण्यातल्या प्रतिबिंबाचा अवनत कोन ६०. ढगाची उंची काढताना प्रतिबिंब किती खोल धरायचे?

उत्तर : ढग पाण्याच्या पृष्ठभागापासून जितका वर, प्रतिबिंब त्या पृष्ठभागापासून तितकेच खाली. निरीक्षकाच्या पातळीपासून नव्हे. चूक होते ती इथेच. ढगाची उंची क्ष माना. निरीक्षकाच्या पातळीपासून ढग क्ष − ५० वर आणि प्रतिबिंब क्ष + ५० खाली आहे. आडवे अंतर दोन्हींना एकच, म्हणून (क्ष + ५०) ÷ (क्ष − ५०) = टॅन ६० ÷ टॅन ३० = ३. यातून क्ष = १०० मीटर. अवनत कोन उन्नत कोनापेक्षा मोठाच असायला हवा. उलटे आले तर दोन्ही कोन आकृतीत एकमेकांच्या जागी गेले आहेत.

सरावासाठी उदाहरण सुंदर आहे, ढग मोजण्यासाठी पद्धत कमजोर. ढग खरोखरीच्या उंचीवर, १००० मीटरवर असेल आणि आडवे अंतरही १००० मीटर असेल, तर हे कोन ४३.५ आणि ४६.४ होतील. जेमतेम तीन अंशांच्या फरकावर सगळी उंची तोललेली राहते.

प्रश्न : कोन न मोजता, सावलीवरून उंची काढली तर चालेल का?

उत्तर : चालेल, आणि सपाट मोकळ्या जागेत उत्तम चालते. १ मीटरची काठी ओळंब्यात उभी करा आणि तिची व इमारतीची सावली एकाच वेळी मोजा. सूर्यकिरण समांतर धरता येतात, म्हणून त्रिकोण समरूप. काठीची सावली १.२ मीटर आणि इमारतीची २७ असेल तर उंची २७ ÷ १.२ = २२.५ मीटर. दोन मोजण्यांमध्ये वेळ घालवू नका. सूर्याची दिशा तासाला सुमारे १५ अंश बदलते. सावलीची कड पुसट का, असेही पत्रात विचारले आहे. सूर्य बिंदू नाही, त्याची तबकडी साधारण अर्धा अंश रुंद दिसते. सूर्य ३० अंश वर असताना २० मीटर उंच भिंतीच्या सावलीची कड जवळजवळ पाऊण मीटर पट्ट्यात विरत जाते. त्या पट्ट्याच्या मध्यावर खूण करा. बारीक खांबाच्या टोकाची सावली तर विरूनच जाते, तिथे ही पद्धत नको.

प्रश्न : हिमालयातली शिखरे शंभर-दीडशे किलोमीटरवरून मोजली असे वाचले. तिथेही अंतर गुणिले टॅन एवढेच केले का?

उत्तर : एवढेच केले असते तर शिखरे शेकडो मीटरनी बुटकी निघाली असती. पृथ्वी गोल असल्याने दूरची जमीन आपल्या क्षितिजसमांतर रेषेच्या खाली जाते. हा उतार अंतराच्या वर्गाला पृथ्वीच्या व्यासाने भागून मिळतो. १ किलोमीटरवर तो ८ सेंटिमीटर, म्हणून मनोऱ्यांच्या आणि झाडांच्या मोजणीत त्याचा विचारच करत नाहीत. १० किलोमीटरवर ७.८५ मीटर. १६० किलोमीटरवर सुमारे २००० मीटर. म्हणजे तिथे टॅनने आलेल्या उंचीत दोन किलोमीटर मिळवावे लागतात.

त्याच्या उलट दिशेने काम करते ते अपवर्तन. खालची हवा दाट, वरची विरळ, त्यामुळे प्रकाश किंचित वाकून येतो आणि शिखर आहे त्यापेक्षा वर दिसते. वक्रतेच्या दुरुस्तीचा साधारण सातवा-आठवा भाग यात परत जातो. १६० किलोमीटरवर हे अडीचशे मीटरच्या पुढे जाते. हे प्रमाण तापमान आणि दाबाबरोबर दिवसभर बदलत राहते, आणि खरी डोकेदुखी तीच आहे.

कोनाची अचूकताही वेगळ्याच जातीची लागते. १६० किलोमीटरवर एक अंशाची चूक म्हणजे २.८ किलोमीटर, एका कलेची म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची ४६.५ मीटर, एका विकलेची म्हणजे कलेच्या साठाव्या भागाची पाऊण मीटर. म्हणून मोठे, जड थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजणारी दुर्बिणीची यंत्रे वापरावी लागली.

शिखरापर्यंतचे आडवे अंतरही टेपने मोजलेले नसते. भारताचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारे विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची आधाररेषा साखळीने काळजीपूर्वक मोजली. तिच्या दोन्ही टोकांवरून तिसऱ्या ठिकाणाचे कोन घेतले की साइनच्या नियमाने उरलेल्या दोन बाजू निघतात : प्रत्येक बाजू भागिले समोरच्या कोनाचा साइन, ही संख्या त्रिकोणात सगळीकडे सारखी. निघालेली बाजू पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा होते, आणि अशी साखळी पुढे जाते. चुका साठत जातात म्हणून मधूनमधून नवी आधाररेषा प्रत्यक्ष मोजून पडताळा घेतला जाई. याच त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची उंची १८५६ मध्ये २९,००२ फूट, म्हणजे सुमारे ८,८४० मीटर जाहीर झाली. त्या गणनेत सर्वेक्षणातले गणिती राधानाथ सिकदार यांचा मोठा वाटा होता. तेच एव्हरेस्ट. २०२० मध्ये जाहीर झालेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे, म्हणजे फरक जेमतेम ९ मीटरचा, आणि अपवर्तनाची दुरुस्ती शेकडो मीटरची असताना आलेला.

अपवर्तनातून सुटण्याची एक चांगली रीत तेव्हाही माहीत होती आणि आजही वापरतात. दोन्ही टोकांवरून एकाच वेळी एकमेकांचे कोन मोजायचे : खालून उन्नत, वरून अवनत. वक्रतेमुळे उन्नत कोन जितका कमी होतो तितकाच अवनत कोन वाढतो, अपवर्तनाचे बरोबर उलट. दोन्ही कोनांची सरासरी घेतली की दोन्ही परिणाम जवळजवळ पूर्ण कटतात, आणि अंतर गुणिले सरासरी कोनाचा टॅन ही साधी रीत पुन्हा लागू पडते. अट एकच, दोन्ही टोकांवर यंत्र घेऊन माणूस उभा राहू शकला पाहिजे. ज्या शिखरांवर तेव्हा कोणी पोचलेच नव्हते, तिथे ही सोय नव्हती. म्हणून शिखराचे कोन अनेक वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतले, प्रत्येक ठिकाणाहून उंची स्वतंत्रपणे काढली, आणि मग त्या उंचींची सरासरी धरली.